अधू हात आणि लेखनयंत्र

दहाही बोटे चालतील त्यालाच टायपिंग जमेल, असे बारामती-इंदापूरकडे पुष्कळांना वाटते. संगणकावर लग्नपत्रिका व फलक रेखणाऱ्यांविषयीही हाच समज आहे. या यंत्रांचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

इटलीच्या पेलेग्रिनो तुर्रीने एका अंध उमराव स्त्रीसाठी टंकयंत्र बनविले. ते यंत्र आज नाही; पण तिने त्यावर लिहिलेली १८०८ सालची पत्रे शिल्लक आहेत. १८७० साली 'लेखनगोला'चे पेटंट घेणारा डेन्मार्कचा मॅलिंग-हॅन्सन हा तर मूकबधिरांच्या संस्थेचा प्रमुख होता.

संगणकाचा माऊस डग्लस एंगेलबार्ट व बिल इंग्लिश यांनी अमेरिकेत १९६४ साली तयार केला. १९६८ च्या जाहीर प्रात्यक्षिकात एंगेलबार्टच्या डाव्या हाताखाली पाच कळांचे आणखी एक छोटे यंत्र होते. कळा एकत्र दाबून त्यावर एका हाताने अक्षरे उमटवता येत. माऊस टिकला, ते मागे पडले. वाईट झाले, असे मला वाटते! माऊसहून जुना ट्रॅकबॉल मात्र टिकून आहे. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी केलेल्या अशा यंत्रात खेळातला चेंडूच बसविला होता. यात हात जागेवर राहतो, बोटांनी फक्त चेंडू फिरवायचा. म्हणून मनगट दुखणारे अनेक रेखनकार तो पसंत करतात.

आपल्या मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्यांनी 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र एका बोटाने टाइप केले.

मराठीत एक खास अडचण आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'क' एका कळीने उमटतो, पण 'ख' साठी शिफ्ट व तीच कळ एकदम दाबावी लागते. एकाच बोटाने हे कसे साधावे? विंडोज ९५ मध्ये, म्हणजे १९९५ पासूनच, याची सोय आहे. तिचे नाव 'स्टिकी कीज'. ती चालू असली की आधी शिफ्ट दाबून सोडावी, मग 'क' ची कळ दाबावी, 'ख' उमटतो. 'माऊस कीज' चालू केल्यास आकड्यांच्या कळांनी पडद्यावरचा बाण हलतो. दोहोंना वेगळा पैसा पडत नाही.

तेव्हा "याला जमणार नाही" म्हणून तुमचे मूल कोणी वर्गातून परत पाठविले, तर त्याच संगणकावर शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबा. 'स्टिकी कीज' चालू करायची का, असे पडद्यावर विचारले जाईल.