दिवसभर रानात, रात्री चुलीपुढं : अर्ध्या-पाऊण तासात होणारं पोटभर जेवण

मांडवगण फराटा : भीमेच्या अलीकडं शिरूर आणि पलीकडं दौंड. या दोन्ही तालुक्यांच्या नदीकाठच्या ऊसपट्ट्यात संध्याकाळ सगळ्यात धावपळीची. खुरपणी, बांधणी, कांद्याची लागण किंवा काढणी उरकून बाई घरी येते तेव्हा दिवस मावळलेला असतो. गोठ्यात धारा काढायच्या राहिलेल्या असतात, डेअरीला दूध घालायचं असतं, पोरांचा अभ्यास असतो. घरातला कोणी रांजणगावच्या कंपनीत पाळीला असला तर त्याची जेवायची वेळ वेगळी. रात्रीची थ्री फेज लाईट असली तर दारं धरायला जाणाऱ्याला लवकर जेवून निघायचं असतं. एवढ्या सगळ्यात स्वयंपाकाला दोन तास कुठून आणायचे?

मग बऱ्याच घरी दोनच गोष्टी होतात. एक तर चहा-बिस्किट, फरसाण किंवा मॅगीवर भागवलं जातं, नाहीतर दुपारचं उरलेलं तसंच खाल्लं जातं. कधीतरी चालतं, पण रोजचं झालं की अंगावर येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दोघींत एकीला. म्हणून रात्रीचं जेवण झटपट हवं, पण पोकळ नको. खालचे सगळे पदार्थ आपल्या भागातले आहेत, सामान घरातलंच आहे आणि मापं पाच माणसांची आहेत.

सकाळची पाच मिनिटं, संध्याकाळचा अर्धा तास

रात्रीचा वेळ खरं तर सकाळी वाचतो. सकाळी भाकरी थापताना एवढं उरकून ठेवावं :

- लसूण सोलून डब्यात ठेवावा. आठवड्याचा एकदम सोलला तर फ्रीजमध्ये टिकतो. फ्रीज नसेल तर दोन दिवसांपुरताच सोलावा.
- मटकी किंवा हरभरा लागणार असेल तर सकाळी भिजत घालावा. मोड हवे असतील तर आज सकाळी भिजत घालून रात्री फडक्यात बांधावी, उद्या संध्याकाळी मोड तयार.
- शेंगदाणे भाजून कूट करून ठेवावा. आमटी, भाजी, चटणी सगळ्याला चालतो.
- मेथी, कोथिंबीर, शेवगा उजेडातच तोडून आणावा. ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर भाजीसाठी किंवा सरपणासाठी एकट्यानं मागच्या रानात जाऊ नये, लहान पोरांना तर पाठवूच नये.

पीठ दळून आणताना ज्वारी पंधरा दिवसांपुरतीच दळावी. जुनं पीठ विरी जातं, भाकरी थापताना तुटते आणि वेळ दुप्पट लागतो. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडवट होतं.

1. पिठलं-भाकरी (पिठलं 15 मिनिटं)

दीड वाटी बेसन, साडेचार वाट्या पाणी, दोन कांदे, पाच-सहा हिरव्या मिरच्या, आठ-दहा लसूण पाकळ्या, मोहरी, जिरं, हळद, मीठ, कोथिंबीर. बेसन आधी दीड वाटी गार पाण्यात हातानं कालवून घ्यावं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत लसूण, मिरची, कांदा परतून उरलेलं पाणी ओतावं. उकळी फुटली की कालवलेलं बेसन बारीक धारेनं सोडत हलवत राहावं. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ काढली की कच्चट वास जातो.

खरा वेळ पिठल्याला नाही, भाकरीला लागतो. दहा-बारा भाकरी थापून भाजायला अर्धा तास जातो. म्हणून सकाळीच चार-पाच भाकरी जास्त कराव्यात आणि पूर्ण गार झाल्यावर कापडात गुंडाळून टोपल्यात ठेवाव्यात. रात्री तव्यावर गरम करून पिठल्याबरोबर चालतात. कडक झाल्याच तर कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायच्या, वरून लिंबू पिळायचं आणि कूट घालायचा. दहा मिनिटांत कुस्करा तयार.

2. मुगाच्या डाळीची खिचडी (25 मिनिटं)

दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, आठ वाट्या पाणी. कुकरमध्येच फोडणी करून त्यात कांदा, टोमॅटो, बटाटा, गाजर, मेथी जे असेल ते टाकावं. तीन शिट्ट्या पुरेत. सालाची डाळ वापरली तर आणखी चांगलं. नुसत्या तांदळापेक्षा डाळ-तांदूळ एकत्र खाल्ले की अंगाला लागणारी प्रथिनं जास्त मिळतात. म्हातारी माणसं, आजारी माणूस, लहान पोर सगळ्यांना ही चालते. बरोबर ताक, भाजलेला पापड किंवा शेंगदाण्याची चटणी असली की झालं.

3. चकोल्या म्हणजेच वरणफळं (35 ते 40 मिनिटं)

एक वाटी तुरीची डाळ कुकरला लावावी. ती शिजेपर्यंत तीन वाट्या गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा मळून घ्यावा. डाळ घोटून, सात-आठ वाट्या पाणी घालून फोडणीची पातळ आमटी उकळत ठेवावी. पोळी लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे करावेत आणि उकळत्या आमटीत एकेक सोडावेत. दहा-बारा मिनिटांत शिजतात. भाकरी नको, भात नको, एकाच पातेल्यात जेवण. थंडीच्या दिवसांत वरून तुपाची धार सोडली की पोरं ताटं चाटूनपुसून घेतात.

4. हुलग्याचे शेंगोळे (45 मिनिटं)

हुलग्याचं दोन वाट्या पीठ, अर्धी वाटी ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, वाटलेला लसूण, तिखट, ओवा, हळद, मीठ. घट्ट मळून हातावर वळून शेंगोळे करायचे. लसणाच्या फोडणीत पाणी उकळवून त्यात सोडायचे आणि वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यायचे. रस्सा दाट व्हायला थोडं पीठ पाण्यात कालवून लावावं. यातला वेळखाऊ भाग वळण्याचा. चार हात बसले तर दहा मिनिटांचं काम, आणि हे काम पोरांनाही जमतं.

हुलगा या मातीतला फार जुना. जवळच घोड नदीकाठी इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. तिथं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली आणि जळालेलं धान्य सापडलं. त्यात जवस नव्हे, जव होतं, मसूर होती आणि हुलगाही होता. आता हुलगा बैलाचं खाद्य म्हणून बाजूला पडला, पण ताकदीच्या हिशेबात तो डाळींच्या पुढं आहे.

5. अख्खा मसूर (30 मिनिटं)

भिजत घालायचं विसरलं तरी चालणारं कडधान्य म्हणजे अख्खा मसूर. दीड वाटी मसूर धुऊन, कुकरमध्ये कांदा, टोमॅटो, लसूण आणि काळं तिखट परतून, साडेचार वाट्या पाणी घालून पाच शिट्ट्या काढाव्यात. भाकरी, पोळी, भात कशाबरोबरही जातो.

6. अंडी किंवा सोयाबीन वडी (20 मिनिटं)

अंडी खाणाऱ्या घरात पाच-सहा अंड्यांची बुर्जी दहा मिनिटांत होते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात. माळकरी घरात सोयाबीनची वडी आहे. वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून घट्ट पिळून घ्यायच्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करायचा. वाळलेल्या वडीच्या वजनात जवळजवळ निम्मी प्रथिनं असतात, त्यामुळं पाच माणसांना दीडशे ग्रॅम पुष्कळ होतात.

7. मिश्र पिठाचं धिरडं (20 मिनिटं)

काहीच सुचत नसेल त्या दिवसासाठी. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, एक वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, मेथी किंवा कोथिंबीर, तिखट, मीठ. पातळ कालवून तव्यावर ओतायचं. भाकरी थापता न येणाऱ्यालाही हे जमतं, म्हणून घरातल्या पोरांना आणि पुरुषांना शिकवायला हाच पहिला पदार्थ बरा.

रक्त वाढवणारं काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार मोठ्या बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. शंभर ग्रॅम तांदळात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. ज्वारीत साधारण 4, बाजरीत 6 आणि हुलग्यात 8 ते 9 मिलिग्रॅम असतं. म्हणजे रोज रात्री नुसता भात खाण्यापेक्षा बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं हे स्वस्तातलं टॉनिकच.

दोन साध्या गोष्टी पाळाव्यात. ताटात लिंबाची फोड, कच्चा टोमॅटो किंवा कोबी असावा, त्यानं लोह अंगाला जास्त लागतं. आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्याबरोबर चहा घेऊ नये, चहानं ते कमी लागतं. मध्ये तासभर तरी जाऊ द्यावा. चक्कर, धाप, सतत थकवा असेल तर मात्र नुसत्या जेवणावर न थांबता आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं आणि दिलेल्या गोळ्या पूर्ण कराव्यात.

शिळं काय चालतं, काय नाही

शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे पाळायलाच हवं. भात आणि खिचडी यात सगळ्यात फसवी. दुपारचा भात उघड्यावर राहिला तर त्यात वाढणारे जंतू असं विष तयार करतात की रात्री फोडणीला टाकून वाफवलं तरी ते जात नाही. उलट्या-जुलाब त्यानंच होतात. भात ठेवायचाच तर पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच शिजवावा. कोरडी भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी, कारळाची चटणी मात्र टिकते.

घाईत एवढं विसरू नका

- फवारणी करून आलेल्या माणसानं आधी साबणानं हातपाय धुवावेत, कपडे बदलावेत, मगच चुलीजवळ किंवा ताटाजवळ यावं. औषधाची रिकामी बाटली-डबा घरात कशालाही वापरू नये.
- कुकर डाळ-तांदळाला निम्म्याच्या वर भरू नये. शिट्टी अडकली तर झाकण ओढू नये. गॅस बंद करून वाफ आपोआप जाऊ द्यावी.
- कुकरची रबरी रिंग सैल झाली की बदलावी. वाफ निसटत राहिली तर वेळही जातो आणि गॅसही.
- डाळ अर्धा तास भिजली तर लवकर शिजते. रानातून आल्या आल्या भिजत घालून मग धारा काढायला बसावं.

आठवड्याचा तक्ता

सोमवार : पिठलं-भाकरी, कांदा-लिंबू
मंगळवार : मूगडाळ खिचडी, ताक
बुधवार : मोडाची मटकी, भाकरी
गुरुवार : चकोल्या
शुक्रवार : अख्खा मसूर, भाकरी, टोमॅटो
शनिवार : धिरडी, शेंगदाण्याची चटणी
रविवार : शेंगोळे किंवा अंडाकरी

तक्ता कागदावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवला की रोजचा "आज काय करायचं" हा प्रश्न मिटतो. आणि घरातल्या कोणालाही तो वाचून कामाला हात लावता येतो.

काम कोणाचं?

रानात नवरा-बायको दोघं बरोबर राबतात, पण घरी आल्यावर एक जण बाजेवर टेकतो आणि दुसरी चुलीपुढं बसते, हे बऱ्याच घरचं चित्र. जेवण अर्ध्या तासात झालं तरी ते एकटीनंच करायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं असेल, तर तिच्या वाट्याला डाळ तळाचीच येते. रक्त कमी असण्याचं एक कारण ताटातच असतं. म्हणून लसूण सोलणं, कुकर लावणं, कांदा चिरणं, ताटं घेणं, भांडी विसळणं ही कामं वाटून घ्यावीत. सासूबाईंना बसून होणारं, पोरांना सोपं, गड्यांना राहिलेलं. आणि रात्री सगळ्यांनी एकाच पंगतीला बसावं. बाईचं ताट आधी वाढलं गेलं, तर वरच्या सातही पदार्थांचा खरा उपयोग झाला.