देवगिरीचा ग्रंथ आणि लाखेची तबकडी

संगीताचा इतिहास लिहिणारास जी अडचण येते, ती शिल्पाचा किंवा काव्याचा इतिहास लिहिणारास येत नाहीं. वेरूळचें कैलास लेणें आजही उभें आहे; ज्ञानेश्वरी आजही वाचतां येते; परंतु ज्ञानेश्वरांच्या शतकांत याच प्रदेशांत जें गाणें झालें, त्याचा एक स्वरही आज कोणास ऐकूं येत नाहीं. शिल्प दगडांत राहतें, काव्य अक्षरांत राहतें. गाणें मात्र गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर संपतें. गेल्या सव्वाशे वर्षांत या नियमास जो अपवाद निर्माण झाला, त्याचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, या शहरापासून अवघ्या कांहीं कोसांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें यादव राजा सिंघण राज्य करीत असतां शार्ङ्गदेव नांवाच्या पंडितानें ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचिला. शार्ङ्गदेवाचा आजा भास्कर हा काश्मीरांतून दक्षिणेंत आला. बाप सोढल यादवांच्या सेवेंत राहिला. आणि स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या जमाखर्चाच्या खात्यावरील अधिकारी होता. हिशेबाच्या वह्यांत दिवस घालविणाऱ्या या गृहस्थानें स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य यांचा सात अध्यायांत असा कांहीं हिशेब मांडला, कीं पुढील शतकांत उत्तरेचे व दक्षिणेचे शास्त्रकार दोघेही त्याचा आधार घेत राहिले. त्यांत २६४ रागांची गणना आहे. बावीस श्रुति प्रत्यक्ष कशा पडताळाव्या, हें दाखविण्यासाठीं दोन वीणांचा प्रयोगही सांगितला आहे.

इतकें असूनही त्या २६४ रागांपैकीं एकही राग देवगिरीच्या दरबारांत प्रत्यक्ष कसा वाजत होता, हें खात्रीनें सांगणारा मनुष्य आज सांपडणार नाहीं. बावीस श्रुति सारख्या अंतराच्या कीं कमीजास्त, ग्रंथांतील शुद्ध स्वरसप्तक म्हणजे आजचें कोणतें, या प्रश्नांवर विद्वानांनीं पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकानेंही अखेर प्रचारांत असलेल्या गाण्यास प्रमाण मानून नवें शास्त्र बांधण्याचा मार्ग पत्करला. यांत शार्ङ्गदेवाचा दोष मुळींच नाहीं. अक्षरांनीं स्वराचें जेवढें वर्णन करतां येतें तेवढें त्यानें केलें. पण साखरेचें वर्णन कितीही सूक्ष्म केलें, तरी तें जिभेवर ठेवतां येत नाहीं.

या स्थितींत पहिला मोठा पालट नोव्हेंबर १९०२ मध्यें झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा यंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान हिचें गाणें मेणाच्या थाळीवर उतरविलें. त्या थाळ्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठविल्या जात व तेथें त्यांवरून तबकड्या निघत. तेथील कारागिरांस गाणारीचें नांव कळावें म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत पुकारी. तबकडी जिच्यामुळें घट्ट होई ती लाख बहुतांशीं हिंदुस्थानच्या रानांतूनच परदेशीं जात असे. म्हणजे द्रव्य आमचें, कंठ आमचा, कसब परक्याचें आणि फायदाही बराचसा परक्याचा, अशी ती व्यवस्था होती. तथापि तिच्यामुळेंच आमच्या गाण्यास प्रथम स्मरण लाभलें, हें नाकारतां येणार नाहीं.

अर्थात् हें स्मरण अपुरें होतें. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें गाणें मावे. घटका-दोन घटका रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसविणें म्हणजे गजराज देव्हाऱ्यांत उभा करण्यासारखें आहे, असा आक्षेप त्या वेळींही घेतला गेला आणि तो खोटा नव्हता. कित्येक बुजुर्ग गवयांस यंत्रापुढें गाणें कमीपणाचें वाटे. विद्या चोरीस जाईल, अशी भीतिही होती. भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य त्यांनीं घडविले. पण बुवांचा स्वतःचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाहीं. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचेंही गाणें आपणांस शिष्यांच्या गळ्यांतूनच अनुमानावें लागतें. अवघ्या शंभर वर्षांपूर्वींचे बखलेबुवा या बाबतींत सुमारें आठशे वर्षांपूर्वींच्या देवगिरीच्या गवयांच्याच पंक्तीस जाऊन बसले आहेत.

उलट अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट पहा. १९३७ सालीं त्यांचा अंत झाला. पण त्यापूर्वीं विजेच्या मायक्रोफोनपुढें गाऊन त्यांनीं ज्या थोड्या तबकड्या मागें ठेविल्या, त्यांच्या योगानें त्यांचा तो भिजलेला, सुरांत विरघळणारा आवाज ज्यांनीं त्यांस कधीं पाहिलें नाहीं अशांच्याही ओळखीचा झाला. आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांचें भैरवींतील एक गाणें तर १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळांत धाडलें गेलें. गुरूचा स्वर पृथ्वीवरही शिल्लक राहिला नाहीं आणि शिष्येचा स्वर सूर्यमालेच्या वेशीकडे निघाला! दोघांच्या विद्येंत अंतर होतें म्हणून असें झालें नाहीं. एकाचें गाणें यंत्रानें धरलें, दुसऱ्याचें धरलें नाहीं, एवढेंच.

आतां हा ठेवा कपाटांतून निघून घराघरांत आला आहे. १९९६ सालीं अमेरिकेंत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यासारख्या भांडारांत संग्राहकांनीं जुन्या तबकड्यांवरील गाणें संगणकीय रूपांत आणून ठेविलें आहे व तें कोणासही विनामूल्य ऐकतां येतें, आपल्या यंत्रांत उतरवून घेतां येतें. कोणी विचारील, ही चोरी नव्हे काय? भारतीय कायद्याचें म्हणणें स्पष्ट आहे. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. पुढें त्या मुद्रणावर सर्वांचा अधिकार. खाँसाहेबांच्या हयातींत निघालेल्या तबकड्या म्हणूनच आज या अर्थानें मुक्त आहेत. मात्र पद रचणाराचा हक्क निराळा मोजला जातो. आणि एखाद्याच्या दिवाणखान्यांत खाजगी रीतीनें टिपलेली मैफल ही प्रसिद्ध तबकडी नव्हे. जें फुकट मिळतें तें सारेंच मुक्त असतें असें नाहीं, हा विवेक सुशिक्षित कुटुंबांनीं तरी राखावा.

परंतु आम्हांस याहून मोठी काळजी दुसरीच वाटते. देवगिरीच्या ग्रंथास आवाज नाहीं. आजच्या या आवाजांस ग्रंथ नाहीं. जुन्या तबकडीच्या चिठ्ठीवर गाणाराचें नांव असे, बहुधा रागाचेंही असे. साथीस तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हें क्वचितच असे. त्याच तबकडीची संगणकीय प्रत दहा हातांतून जातांना उरलेलें नांवही गळतें, सालाची चूक होते, एकाचें गाणें दुसऱ्याच्या नांवावर चढतें. शिवाय जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनीं फिरणाऱ्या नव्हत्या. चुकीच्या गतीनें वाजवून प्रत काढली, तर गाणाराची पट्टी चढते, आवाज किरटा होतो, आणि नवा श्रोता त्यासच मूळ आवाज मानून बसतो. पुढील शतकांतील संशोधक या आवाजांवरून वाद घालूं लागले, तर त्यांस शार्ङ्गदेवाच्या भाष्यकारांहून सुखाचे दिवस येतील, असें मानण्याचें कारण नाहीं.

हें ओळखून काम करणारे लोक आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. मुंबईंत १९९० सालीं स्थापन झालेल्या भारतीय तबकडी-संग्राहकांच्या मंडळानें तबकड्यांचे क्रमांक, सालें व गायकांची माहिती यांचें टिपण आपल्या नियतकालिकांतून चिकाटीनें केलें. शार्ङ्गदेवाच्या जमाखर्चाची परंपरा खरी चालवितात ती असलीं माणसें. गाण्याचा आनंद घेणारे पुष्कळ. गाण्याचा हिशेब ठेवणारे थोडे.

मराठवाड्यास या हिशेबाची विशेष गरज आहे. स्वातंत्र्याच्या वेळीं देशी संस्थानांत जीं पांच नभोवाणी केंद्रें होतीं, त्यांत म्हैसूर, बडोदें, त्रिवेंद्रम व हैदराबाद यांच्या जोडीस औरंगाबादचेंही केंद्र होतें. त्या काळीं नभोवाणीवरील गाणें बहुतेक थेट होई. गवई गाऊन उठला कीं गाणें आकाशांत विरून जाई. ज्या भूमींत संगीताचा एवढा थोर ग्रंथ लिहिला गेला, तेथील आवाज दुसऱ्यांदा असा हरवूं द्यावा काय? माळ्यावरची ट्रंक उघडली तर अजूनही एखाद्या घरीं आजोबांच्या तबकड्या, वडिलांनीं टिपलेल्या कॅसेटी सांपडतील. त्या भंगारांत घालण्यापूर्वीं जाणत्या माणसास दाखवाव्या. प्रत करतांना कोण गातो, साथ कोणाची, कोठें व केव्हां, हें चार ओळींत लिहून प्रतीबरोबर ठेवावें. घरांतील वृद्ध मंडळी आहेत तोंवरच हें होणें शक्य आहे.

ऐकण्याविषयींही एक शब्द. शंभर गाणीं एका रात्रींत उतरवून घेणें सोपें आहे; त्यांतील एक ऐकणें कठीण आहे. पूर्वीं तबकडी संपली कीं उठून ती उलटावी लागे, आणि तेवढ्या अवकाशांत ऐकलेलें मनांत मुरे. आज तो अवकाश आपणच निर्माण केला पाहिजे. तीन मिनिटांची ती तबकडी सलग चार वेळां ऐकावी: एकदां स्वरासाठीं, एकदां लयीसाठीं, एकदां शब्दांसाठीं आणि एकदां नुसतीच. शार्ङ्गदेवास जें कितीही लिहून देतां आलें नाहीं, तें आपणांस विनासायास मिळालें आहे. तें नुसतें सांठविण्यासाठीं मिळालेलें नाहीं.