आकाशाची वाटणी : हौस आणि धंदा

जमीन ज्याची, तिच्यावरचे आकाशही त्याचेच, असे जुना इंग्रजी कायदा मानीत असे. विमाने आली आणि हा समज डळमळला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात कॉसबी नावाच्या गृहस्थाचा कोंबड्या पाळण्याचा धंदा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमाने त्याच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून जाऊ लागली. कोंबड्या भेदरून भिंतींवर आपटून मरू लागल्या. १९४६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की, वरचे आकाश हा सर्वांचा राजमार्ग आहे. परंतु जमिनीलगतचे, वापरात येणारे आकाश मालकाचेच आहे.

या दोहोंमधल्या हवेत हौशी मंडळी आपली छोटी विमाने उडवीत. १९८१ मध्ये तेथील विमानवाहतूक खात्याने त्यांना ४०० फुटांच्या खाली राहण्याची नुसती सूचना केली. हौशी माणूस शिस्त पाळील, हा विश्वास तिच्यामागे होता.

पुढे ड्रोन आले. २०१२ च्या कायद्याने हौशी विमानांसाठी नवे नियम करण्यास खात्याला मनाई केली. २०१६ मध्ये मात्र धंद्यासाठी ड्रोन उडवणाऱ्यास परीक्षा व दाखला आवश्यक ठरला. यंत्र तेच, उंची तीच. पण लग्नाचे चित्रण पैसे घेऊन केले तर परीक्षा, हौसेखातर केले तर नाही! अखेर २०१८ च्या कायद्याने हौशी माणसालाही सुरक्षिततेची चाचणी लावली, आणि जेथे विमानतळाचे नियंत्रण नाही तेथे ४०० फुटांची सूचना सक्तीची केली.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी हेतूबरोबर वजनही पाहिले. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचा परवाना लागत नाही. त्याहून जड, पण दोन किलोपर्यंतचे ड्रोन हौसेने उडवणारास तीच सवलत आहे, व्यावसायिकास नाही.

यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पोटासाठी उडवणारा रोज उडवतो, बहुधा गर्दीच्या जवळच उडवतो. तरीही डोक्यावर कोसळणारे यंत्र हौसेचे होते की धंद्याचे, याने जखमेत फरक पडत नाही. म्हणून आम्हाला वाटते की, मोकळ्या माळावर छोटे ड्रोन उडवणाऱ्या मुलाला जाच होऊ नये, आणि जत्रेवर जड ड्रोन फिरवणाऱ्याला हौसेची सबब मिळू नये. नियम करणाऱ्याने उडवणाऱ्याचा खिसा पाहण्याआधी खाली उभ्या असलेल्या माणसाचे डोके पाहावे.