जीप डिझेलवर आली तेव्हा

जीपचा इतिहास आपल्याकडे बहुधा युद्धापासून सुरू होतो आणि तिथेच रमतो. १९४१ची विलीस, दोस्तांच्या फौजा, मग स्वातंत्र्यानंतर मुंबईत माझगावला होऊ लागलेली जुळणी. १९४५मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इकडे १९४८मध्ये पाटीवरचे एक नाव बदलले. गोष्ट रंजक आहेच. पण गेली अठरा वर्षे मी मावळात एक जुनी एम.एम. ५४० चालवतो आहे, आणि तिने मला वेगळाच प्रश्न विचारायला लावला. लढाईतली ही पेट्रोलची गाडी शेताच्या बांधापर्यंत पोहोचली कशी? माझे मत असे, की ते काम चार चाकांच्या जोरापेक्षा डिझेलच्या दराने केले.

विलीसचे मूळ इंजिन २१९९ सी.सी.चे, पेट्रोलवरचे. दणकट, पण तहानलेले. ते परवडे मुख्यतः सरकारी खात्यांना. म्हणून खेड्यात जीप आली म्हणजे साहेब आला, असाच अर्थ होई. १९७३च्या तेलसंकटाने पेट्रोलचा हिशेब बिघडवला. महिंद्रांनी १९६३मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्यासह ट्रॅक्टरची कंपनी काढली होती. तिच्या बी-२७५ ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात जीपच्या बॉनेटखाली गेले. नांगर ओढणारे इंजिन साहेबाच्या गाडीत बसले, हा माझ्या लेखी माझगावच्या जुळणीइतकाच मोठा प्रसंग. पण त्याच्यावर कुणी फारसे लिहिलेले नाही. पुढे फ्रान्सच्या प्युजोचे एक्स.डी.पी. ४.९० आले. मोजमाप नावातच आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. एकूण २११२ सी.सी. माझ्या गाडीत तेच आहे.

डिझेल स्वस्त ठेवले गेले ते एसटीसाठी, ट्रकसाठी, विहिरीवरच्या पंपासाठी. त्या सवलतीच्या सावलीत जीपही उभी राहिली, आणि मग तिचे वडाप झाले. पुढे दोन, मागे दहा, टपावर कोंबड्यांची डालगी. वडापच्या बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांची जोड नसे. रोज बाजाराला जायला ती लागतेच कशाला? ज्या गुणासाठी अमेरिकन सैन्याने ही गाडी घडवून घेतली, तो आपल्या गावांनी सरळ वजा केला.

माझ्या गाडीत ती जोड आहे. वर्षातून पाच-सहा वेळा लागते, तीही भातलावणीच्या दिवसांत. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळलात तर चाके एकमेकांशी भांडू लागतात, स्टिअरिंग हाताला जड लागते. चिखलात मात्र चाक घसरते आणि भांडण मिटते. लो गिअरमध्ये टाकून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, तरी गाडी बैलाच्या चालीने खाचरातून निघते. ओढ्यात डिझेलची खरी किंमत कळते. पेट्रोलच्या जीपचा डिस्ट्रिब्युटर भिजला की ती मधोमध बंद. इथे ठिणगीच नाही, त्यामुळे भिजण्यासारखे काही नाही. हवा ओढणारे तोंड तेवढे पाण्याच्या वर हवे. बाकी सुखे कमीच. थंडीत हीटर तापेपर्यंत थांबायचे, टाकी कोरडी पडली तर एअर काढत बसायचे, आणि कपड्यांना येणारा वास घरच्यांनी सोसायचा. लिटरला दहा-अकरा किलोमीटर मिळतात.

सवलत शेतकऱ्याच्या नावाची आणि उपभोग मोटारवाल्याचा, ही तक्रार जुनी आहे. माझ्यासारख्या हौशी मालकाच्या बाबतीत ती खरीच होती. पेट्रोलचा दर २०१०मध्ये मोकळा झाला, डिझेलचा २०१४मध्ये. त्यानंतर डिझेलकडे पाहण्याची नजरही बदलली. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सी.सी. आणि त्यावरील डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६मध्ये ती अधिभारासह सुरू झाली. मधल्या काळात महिंद्रांनी १.९९ लिटरचे इंजिन बाजारात आणले. कायद्याच्या रेषेला इतके चिकटून इंजिन कापल्याची उदाहरणे विरळाच! माझे २११२ सी.सी. त्या रेषेच्या पलीकडचे. धूर पाहिला तर न्यायालयाचे म्हणणे खोडता येत नाही. मुंबई-पुण्याला मी ही गाडी नेत नाही, त्यामागे हेही कारण आहे.

या गाडीचे माहितीपुस्तक माझ्याकडे नाही. तिची माहिती आहे ती तालुक्याच्या गावातल्या एका पंपवाल्याच्या कानात. इंजिन चालू ठेवून तो एकेका नोझलची नळी सैल करतो आणि ठोका ऐकून कुठला सिलिंडर मंद आहे ते सांगतो. हे तो ट्रॅक्टरवर शिकला. त्याच्याकडे आता जीपा येतात त्या वर्षाला चार-पाच. बाकी सगळे ट्रॅक्टरच.