फेसबुकच्या यंत्रशाळेतली माणसे

गिरणीचा इतिहास लिहिणारे मालकाचे नाव देतात, मागांची संख्या देतात; माग अडल्यावर कोण धावले, ते सहसा देत नाहीत. फेसबुकच्या इतिहासाचेही तसेच झाले आहे, असे आम्हांस वाटते.

२००४ साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केले. माणसे वाढली तशी अडचण उभी राहिली. एक पान दाखवायचे, तर असंख्य मित्रांची माहिती कोठारांतून शोधून आणायची. दर वेळी तसे करू म्हटले तर वाचणारा कंटाळून उठेल. तोड आयती मिळाली. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नलसाठी ‘मेमकॅश्ड’ रचले होते. वारंवार लागणारा माल कोठारात न शोधता यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवायचा; वाणी रोजची साखर हाताशी ठेवतो, तसा. हे त्यांनी सर्वांना मोफत दिले. २००८ च्या अखेरीस फेसबुकने या एका कामाला ८०० हून अधिक यंत्रे जुंपली होती. (त्यात केलेल्या सुधारणा फेसबुकनेही खुल्या केल्या, हे सांगितले पाहिजे.)

पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, देखभाल चालू असता दिलेल्या एका आज्ञेने यंत्रशाळांना जोडणारे जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवणारी व्यवस्थाही फसली. सुमारे सहा तास सारे बंद! दुरुस्तीची हत्यारे त्याच जाळ्यावर अवलंबून. दुरून काही करता येईना. शेवटी अभियंत्यांना यंत्रशाळांत प्रत्यक्ष धाडावे लागले, आणि बंदोबस्त असा कडेकोट, की आत शिरण्यातच वेळ गेला. जाळे जुळल्यावरही विजेचा भार एकाएकी चढू नये म्हणून कामे हळूहळू सुरू केली.