म्हाताऱ्या कोंबडीचे मोल

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मरून पडल्या. त्याच सुमारास शेजारच्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील मुगगाव येथे मेलेल्या कावळ्यांतही बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. देशात हा रोग प्रथम आला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यातील नवापुरात. तेथे मोठ्या पोल्ट्रींबरोबर घरोघरच्या परसातील कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. मुरुंब्याभोवतीही एक किलोमीटरच्या आतील पक्ष्यांच्या वाट्याला तेच आले.

शासनाने भरपाई ठरवली. अंडी देणारी कोंबडी आठ आठवड्यांपुढची असल्यास ९० रुपये, त्याआतील असल्यास २० रुपये. म्हणजे आठ आठवड्यांपुढे वयाचा हिशेबच नाही. पाच महिन्यांची तलंग आणि पाच वर्षांची म्हातारी एकाच ओळीत! हे माप पिंजऱ्यातल्या कोंबडीचे. तिथे दीड वर्षाने अंडी घटली की कोंबडी बाजारात जाते आणि पिंजऱ्यात नवी येते.

बीडच्या परसात रीत वेगळी. पाऊस अपुरा, दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडणारी; अशा घरात कोंबडी म्हणजे अडीनडीचा पैसा. विकायचे ते कोंबडे. म्हातारी मात्र राखायची. ती अंडी कमी देते, परंतु वेळेवर खुडूक होते, दहा-बारा अंड्यांवर एकवीस दिवस नेटाने बसते आणि घारीची सावली पडताच पिलांना पंखाखाली घेते. पहिलटकरीण तलंग पुष्कळदा अंडी अर्ध्यावर सोडून उठते. शिवाय मानमोडीच्या साथीतून जी वाचली, तिच्या अंगी त्या रोगाशी झुंजण्याचे बळ आलेले असते. जुन्या पक्ष्यांकडून नव्यांना रोग लागतो, म्हणून दोन्ही वेगळे ठेवा, असे पशुवैद्य सांगतात. तेही खरेच आहे. पण एकच खुराडे असलेल्या घराने काय करावे?

पुढे सुधारित जाती आल्या : बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराज. अंडी जास्त, वजन जास्त. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. त्यामुळे त्यांची अंडीदेखील गावठी कोंबडीखालीच ठेवावी लागली. जिला कागदावर किंमत नव्हती, तिच्यावाचून नव्या जातीचे परसात पुढे चालेना.

प्रभू येशूने यरुशलेमसाठी शोक करताना पिलांना पंखाखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीचीच उपमा घेतली. लूकच्या शुभवर्तमानात त्याच्या जरा आधी हेरोदाला त्याने कोल्हा म्हटले आहे. ज्यांच्या परसात खुराडे आहे, त्यांना या दोन प्राण्यांचे नाते समजावून सांगावे लागत नाही.

९० रुपयांत हॅचरीची पिले मिळतील, पण त्यांना ऊब देणारी आई मिळत नाही. पेटीतून आलेल्या पिलांना पहिले तीन-चार आठवडे दिव्याची ऊब लागते. थंडीच्या रात्री वीज गेली, की ती एका कोपऱ्यात दाटतात आणि खालची चेंगरून मरतात.