स्वमग्न व्यक्तींचे कायदेशीर हक्क (बीड जिल्हा)

स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या व्यक्तींना भारतीय कायद्याने समानता, शिक्षण, रोजगार व संरक्षण यांचे हक्क दिले आहेत. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात ते मुख्यतः राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या केंद्रीय कायद्यांनुसार लागू आहेत.

पार्श्वभूमी

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमातील सात प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. त्यामुळे त्यातील आरक्षणाचा लाभ स्वमग्न व्यक्तींना मिळत नसे. १९९९ च्या अधिनियमाने स्वमग्नतेला प्रथम स्वतंत्र कायदेशीर मान्यता दिली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला. त्याला अनुसरून झालेला २०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे.

प्रमाणपत्र

आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के, म्हणजे 'लक्षणीय' दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. स्वमग्नतेचे मूल्यमापन ४० प्रश्नांच्या भारतीय श्रेणीने केले जाते. 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज केल्यावर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातील प्रमुख शासकीय रुग्णालये आहेत.

शिक्षण व रोजगार

लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव असतात. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता या गटांसाठी मिळून आहे.

पालकत्व व निर्णयस्वातंत्र्य

वयाच्या १८ व्या वर्षी आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यानंतर गरज असल्यास १९९९ च्या अधिनियमानुसार स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती असते. २०१६ चा अधिनियम मात्र दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता असल्याचे मानतो आणि तिच्याशी विचारविनिमय करून निर्णय घेणाऱ्या 'मर्यादित पालकत्वा'ची तरतूद करतो. पालकाने व्यक्तीच्या वतीने निर्णय घ्यायचा की तिला निर्णय घेण्यास साहाय्य करायचे, याबाबत दोन्ही कायद्यांची भूमिका भिन्न आहे.

स्थलांतर

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. नेहमीची दिनचर्या व परिचित परिसर यांवर अवलंबून असलेल्या स्वमग्न मुलांसाठी हा बदल विशेष कठीण ठरू शकतो. शाळा व उपचारांतही खंड पडतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असल्याने स्थलांतराच्या ठिकाणीही त्याआधारे हक्क मागता येतात.

तक्रार निवारण

हक्कभंगाची तक्रार पुणे येथील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा तिच्यावर हल्ला करणे यांसाठी ६ महिने ते ५ वर्षे कारावास व दंडाची तरतूद आहे.